कायदे आहेत, मग युनियन कशाला?

प्रश्न : किमान वेतन, कामाचे तास, सुरक्षा या सगळ्यांसाठी कायदे आहेत. मग कामगार संघटनेची गरज उरली आहे का?

उत्तर : नक्कीच आहे. कायदा फक्त किमान मर्यादा ठरवतो. त्यापुढची पगारवाढ, पाळ्या, बढती वाटाघाटीत ठरतात. शिवाय कायदा आपोआप चालत नाही. ओव्हरटाइम बुडाल्याची तक्रार एकट्याने केली, तर कंत्राट पुढे वाढणार नाही ही भीती खरी असते. तीच तक्रार चाळीस सह्यांनी गेली, की एकाला वेचून काढणं अवघड होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४८ मध्ये संघटना-स्वातंत्र्याचा आणि १९४९ मध्ये सामूहिक वाटाघाटींचा आंतरराष्ट्रीय करार केला, तो उगाच नाही.

सुरुवात पुराव्यापासून करा : हजेरी, प्रत्यक्ष तास, पगारपत्रकाच्या प्रती, सगळं तारखेसह. मागण्या दोन-तीनच ठेवा, लेखी द्या, पोच घ्या. तक्रार किती दिवसांत निकाली काढायची हे मालकाशी होणाऱ्या करारात लिहून घ्या, नाहीतर तो कागदावरच राहतो.

संघटना पुष्कळदा आतूनच पोखरली जाते. वर्गणीचा हिशेब दाखवला जात नाही, निवडणुका लांबतात. सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कंत्राटी कामगारांना बाहेर ठेवणं : मालक तेच काम त्यांच्याकडून करून घेतो आणि संपाचा जोर ओसरतो.