गोड बोलणारा मॅनेजर आणि वाईट रिव्ह्यू

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"माझा नवरा दीड वर्षापूर्वी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर इथल्या कंपनीत लागला. पुण्यात इतकी वर्षं नोकरी केली, पण कुणाला बोट दाखवायला जागा दिली नाही. इथला मॅनेजर दर आठवड्याला अर्धा तास त्याच्याशी बोलतो, कामाचं कौतुक करतो, मुलीची चौकशी करतो. आणि परवा वार्षिक रिव्ह्यूमध्ये 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा! तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नाही. म्हणतो, माणूस तोंडावर एक आणि पाठीमागे एक. एचआरकडे तक्रार करावी का? त्यात सासूबाईंचं मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, त्याला महिनाभर जायला हवं. आता रजा मागितली तर नोकरीवरच येईल अशी भीती वाटते."

ताई, तुमच्या पत्रावरून मला तरी तो मॅनेजर दुतोंडी वाटत नाही. त्याने बहुतेक सांगितलं होतं, फक्त आपल्याकडचे साहेब सांगतात तसं नाही. पुण्यात काही चुकलं तर ते चारचौघांत कळतं. आवाज चढतो, चार शब्द ऐकावे लागतात, आणि संध्याकाळी त्याच साहेबाबरोबर टपरीवर चहा होतो. अमेरिकन मॅनेजर आवाज चढवत नाही. तो आधी दोन गोष्टींचं मनापासून कौतुक करतो, मग म्हणतो, "पुढच्या डेमोला तूच बोललास तर बरं होईल," आणि लगेच मुलांच्या सॉकरवर येतो. आपला माणूस कौतुक तेवढं घेऊन घरी येतो. पण त्या अर्ध्या तासातलं कामाचं वाक्य ते मधलंच होतं. तेच वाक्य महिन्याभराने पुन्हा आलं, आणि आणखी एकदा आलं, की मॅनेजरच्या हिशेबी त्याने स्पष्ट ताकीद दिलेली असते. तुमच्या यजमानांना म्हणावं, शांतपणे बसून मागचे सहा महिने आठवा आणि अशी वाक्यं कागदावर उतरवा. रिव्ह्यूमधले मुद्दे त्यांच्याशी ताडून बघा. बरेचसे जुळतील असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, ती म्हणजे हा शेरा ठरतो कसा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मॅनेजर एकटा ठरवत नाही. चार-पाच मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांची बाजू मांडून श्रेणी जुळवून घेतात. वरच्या श्रेणी सगळ्यांना देता येत नाहीत, त्यामुळे तिथे ओढाताण होते. त्या खोलीत तुमचे यजमान नसतात, असतो त्यांचा मॅनेजर. त्याच्या हातात त्यांच्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नसेल, तर चांगला माणूसही गप्प बसतो. "आपण बोलायचं नाही, आपलं काम बोलेल," हे आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवतात. त्या शिकवणुकीचा मला आदर आहे. पण ज्याच्या हाताखाली दहा माणसं तीन टाइमझोनमध्ये विखुरलेली आहेत, त्याला कुणाचं काम आपोआप दिसत नाही. त्याला ते सांगणं म्हणजे बढाई नव्हे, तो नोकरीचाच भाग आहे.

म्हणून दर शुक्रवारी त्याला एक छोटा मेल जाऊ दे. या आठवड्यात काय पूर्ण झालं आणि त्याचा कुणाला उपयोग झाला, काय अडलं आहे, पुढच्या आठवड्यात काय करणार, एवढंच. "बिलिंगच्या रिपोर्टला आधी चाळीस मिनिटं लागायची, आता सहा लागतात, फायनान्सवाले सोमवारपासून वापरताहेत," असं ठोस लिहावं. नुसतं "रिपोर्टवर काम केलं" याने कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

आणि वाईट बातमी लवकर सांगायची. हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे, कारण आपली चांगली चांगली माणसं इथे अडखळतात. बुधवारची डेडलाइन असते, सोमवारीच कळतं की जमणार नाही, तरी "करतो" म्हणून दोन रात्री जागायच्या आणि बुधवारी संध्याकाळी सांगायचं, की शुक्रवार लागेल. आपल्याला त्यात जिद्द दिसते. मॅनेजरला दिसतं, की या माणसाने मला दोन दिवस अंधारात ठेवलं. त्यानेही वर शब्द दिलेला असतो. सोमवारी सकाळीच "बुधवारी होणार नाही, अमुक टीमकडून डेटा आलेला नाही, शुक्रवारी नक्की देतो, किंवा बुधवारी अर्धं देतो" असं सांगितलं, तर क्वचितच कुणी नाराज होतं.

रिव्ह्यूवर आता एकच करावं. मॅनेजरकडून वेळ मागून घ्यावा आणि विचारावं: पुढच्या तीन महिन्यांत काय दिसलं तर हा शेरा बदलेल? सफाई देत बसू नये. जे ठरेल ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवावं.

एचआरकडे आत्ता जाऊ नये. एचआर हे कंपनीचं खातं आहे, मॅनेजरवरचं अपील कोर्ट नव्हे. मात्र मूळ देश, वर्ण किंवा धर्म यांवरून वेगळी वागणूक मिळत असेल तर गोष्ट वेगळी. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने त्याला बंदी आहे, आणि तेव्हा तारखांसकट लेखी तक्रार करायलाच हवी. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

एका गोष्टीचं भान मात्र घरात दोघांनाही हवं. पुण्यात तीन महिन्यांचा नोटीस पिरियड असतो, इथे मोंटाना सोडलं तर कुठल्याही राज्यात साधारणपणे कारण न देता, त्याच दिवशी नोकरी संपवता येते. एच-वन-बीवाल्याला त्यानंतर जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, आय-94, म्हणजे इथे किती तारखेपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद, आधी संपत असेल तर त्याहून कमी. त्या मुदतीत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला पाहिजे. तुमचं एच-फोर, म्हणजे बायकोमुलांचा व्हिसा, तोही त्यालाच बांधलेला आहे. सुधारणा योजनेचा कागद, म्हणजे पीआयपी, हातात पडला तर मन लावून काम करावंच, पण त्याच आठवड्यापासून दुसरीकडे अर्जही सुरू करावेत.

आता रजा. ती नि:संकोच मागावी. 1993 च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याने आईच्या गंभीर आजारपणासाठी वर्षाला 12 आठवड्यांपर्यंत रजा मिळते. बिनपगारी, पण नोकरी राखून आणि आरोग्य विमा चालू ठेवून. कंपनीत 12 महिने झालेले हवेत, गेल्या 12 महिन्यांत 1,250 तास काम झालेलं हवं आणि 75 मैलांच्या आत कंपनीचे किमान 50 कर्मचारी हवेत. दवाखान्यात राहून होणारं ऑपरेशन त्यात बसतं, आणि मिरजेच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्रही चालतं. हा हक्क मुलाला आहे. सुनेला सासूसाठी या कायद्याने मिळत नाही, कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत राज्याच्या कायद्याने मिळते. रजा घेतली म्हणून कंपनीला त्रास देता येत नाही, पण रिव्ह्यूमधल्या जुन्या तक्रारी रजेने पुसल्या जात नाहीत, म्हणून आधी मॅनेजरशी ते बोलणं उरकून घ्यावं.

पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का आजच बघा. संपला असेल तर मुंबईच्या कॉन्सुलेटमधली मुलाखतीची तारीख हातात असल्याशिवाय तिकीट काढू नका. ऑपरेशनची तारीख आधीच ठरलेली असेल तर कायद्याप्रमाणे कंपनीला 30 दिवस आधी कळवावं लागतं, तेव्हा रजेचा मेल याच आठवड्यात जाऊ दे.