रिपोर्टात ग्लीसन ४+३ आलाय, मग रक्तवाहिन्या मोजून घ्यायच्या का?

तुम्ही विचारलंय की बाबांच्या प्रोस्टेटच्या बायॉप्सीत ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा अंक) ४+३ आलाय, आणि गाठीत रक्तवाहिन्या जास्त तितका कॅन्सर वाईट असं वाचलंत, तर ब्लॉक (बायॉप्सीचा तुकडा बसवलेली मेणाची वडी) परत नेऊन सीडी-३४ (रक्तवाहिन्या रंगवून दाखवणारी तपासणी) करून घ्यावं का. माझं मत सरळ आहे, नको.

वाचलंत ते खोटं नाही हां. फोकमन नावाच्या अमेरिकन सर्जननी १९७१ मध्येच मांडलं होतं की स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ एक-दोन मिलीमीटरच्या पुढे जात नाही. पुढे १९९३ मध्ये प्रोस्टेटमध्येही दिसलं की ज्यांचा कॅन्सर पसरला होता त्यांच्या गाठीत वाहिन्यांची दाटी जास्त.

मी हिस्टोपॅथ लॅबमध्ये, म्हणजे असे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथं, बरीच वर्षं टेक्निशियन होते, असल्या स्लाइड स्वतः रंगवल्यात. निळ्या पेशींमध्ये वाहिन्या तपकिरी उठून दिसतात, ग्रंथी चांगल्या असतील तिथं बाजूनं सुटसुटीत, आणि हाय ग्रेड, म्हणजे जास्त बिघडलेल्या भागात पुष्कळदा बारीक, वाकड्यातिकड्या, काहींची तर पोकळी धड दिसत नाही. पण मोजायचं म्हणजे सगळ्यात दाट जागा शोधून तिथं मोजायचं, आणि ती जागा शोधणार माणूसच ना! एकाच स्लाइडवर दोघांचे आकडे जुळायचे नाहीत. त्यात सुईची बायॉप्सी म्हणजे दोऱ्याएवढा तुकडा, दाट जागा त्यात आलीच नसेल तर?

आणि ग्लीसन वाहिन्या बघतच नाही, तो ग्रंथींची ठेवण कितपत बिघडलीय ते बघतो. पहिला अंक सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पॅटर्नचा, म्हणून ४+३ आणि ३+४ दोन्हीची बेरीज सातच, पण ४+३ म्हणजे ग्रेड ग्रुप (१ ते ५, जास्त तितका वाईट) ३ आणि ३+४ म्हणजे २, हा फरक मोठा. वाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधाला जोडून हजारावर पेशंटवर तपासलं, आयुष्य काही वाढलं नाही, म्हणजे आकडा मिळाला तरी त्यावरून औषध बदलणार नाही.

उलट ब्लॉकमधलं टिश्यू दर कापाला कमी होतं, ते पुढे बीआरसीए वगैरे जीनच्या तपासणीसाठी लागू शकतं, म्हणून जपा. त्यापेक्षा स्लाइड प्रोस्टेट रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, पॅटर्न ४ किती टक्के आणि क्रिब्रिफॉर्म (चाळणीसारखी भोकं असलेली ठेवण) आहे का हे लिहून मागा.

पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) किती आहे आणि एमआरआय बायॉप्सीच्या आधी झाला की नंतर, ते इथं टाका, मग बोलू.