बागेत आधी ज्वारी पेर

प्रिय बेटा,

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या सामाईक बागेत आपलं यवतमाळकडचं गाव दाखवायचा तुझा आराखडा वाचला. शेडच्या भिंतीवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेताची फिल्म, कोपऱ्यात कुडाची झोपडी, पाहुण्यांच्या कानाला हेडफोन आणि त्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज. मेहनत दिसते, पण एक गोष्ट खटकली ती आधी सांगतो. आलेल्या माणसाला यात करायला काहीच नाही. तो येईल, फिरेल, फोटो काढेल, छान म्हणेल आणि जाईल. हेडफोन घातले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणंही संपलं. ब्राँक्समधल्या त्या बागेत लोक मातीत हात घालायला येतात. त्यांना तू प्रेक्षक का करतेस?

माझं ऐक, आधी ज्वारी पेर. समितीकडून सामाईक जागेतला एक तुकडा माग आणि त्यात गोल आख. मधे सात-आठ माणसं बसतील एवढी मोकळी जागा, भोवती ज्वारीच्या दोन-तीन ओळी आणि आत जायला एक फट. पेरणी मेच्या शेवटी, माती उबदार झाल्यावर. आपल्याकडे मृग लागतो तोच सुमार. त्या शहरातल्या जुन्या रिकाम्या भूखंडांच्या मातीत शिसं असू शकतं, म्हणून तिथे उंच वाफे करून बाहेरची स्वच्छ माती भरतात. तुमच्या बागेत काय केलंय ते विचारून घे.

जुलै सरताना ज्वारी डोक्याच्या वर जाईल. मग एखाद्या पोराला त्या फटीतून आत पाठव. आत गेल्यावर पहिल्यांदा रस्ता दिसेनासा होतो. उजेड हिरवा होतो. वारा जाणवला नाही तरी वरच्या पानांची सळसळ थांबत नाही, आणि बाही वर केलेली असली की पानाची कड दंडावर बारीक ओरखडा काढते. घाम आला की तो चुरचुरतो. ज्वारीत निंदण केलेल्या कोणत्याही बाईला विचार, तिला हे सगळं ठाऊक आहे. यातलं काहीही तुझ्या पडद्यावर येणार नाही.

दाणा भरायला लागला की चिमण्या येतील. न्यूयॉर्कमध्ये त्या भरपूर. तिथेच तुझी खरी कला सुरू होईल, कारण मग राखण आली. आपल्याकडे रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) कास्तकार माळ्यावर जागल करतो, रात्रभर या शेतातून त्या शेतात हाका चालतात आणि हाकांच्या मधे गाणी, गोष्टी, गावभरच्या खबरी. तुमच्याकडे सकाळची राखण लाव. रोज दोघं, आणि शक्यतो एकाच मुलखातली नकोत. एक आपल्यातला, दुसरा जमैकाचा किंवा सेनेगलचा. पश्चिम आफ्रिकेतल्या माणसाला ज्वारी ओळखीचीच असेल, तो तुलाच चार गोष्टी शिकवेल. ते तास-दोन तास काय बोलतात, काय गातात, ते ठरवायला जाऊ नकोस.

आता भुलाबाई, आपल्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण. भाद्रपद पौर्णिमेला ती बसते आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गाणी, मग खिरापत ओळखायची धमाल. तुझी ज्वारी नेमकी त्याच सुमारास तयार होईल. कोजागिरीला सोंगणी (कापणी) करून त्याच धांड्यांचा (ताटांचा) मांडव बांधा आणि भुलाबाई-भुलोबा, म्हणजे पार्वती-शंकर, त्यात बसवा. मूर्ती इथून पाठवू का, असं तू विचारलंस. नको. तिथल्या पोरांनी तिथल्याच मातीच्या कराव्या. नाकडोळे बिघडले तर बिघडू दे.

आणि हेडफोनऐवजी हे कर. उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे तुमचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तुमची सकाळी साडेआठची राखण म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा, भुलाबाईची वेळ. फोन लावून एका डब्यावर ठेव. इथल्या पोरी गातील ते तिथल्या राखणदारांना ऐकू जाईल, आणि तिथून कुणी चिमण्या हाकलल्या तर इथे हसू येईल.

तुझ्या यादीतली तीज मात्र काढून टाक. बंजारा तांड्यात श्रावणात पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत पाणी घालतात, शेवटी ते कोवळे रोप एकमेकींना देतात आणि बाकीचं पाण्यात सोडतात. वसंतराव नाईकांचं गहुली काय किंवा पुसद-दिग्रसच्या बाजूचा कोणताही तांडा काय, तीज पाहिली नाही असा आपल्याकडे माणूस नसेल. लदेणी (बैलांवर माल लादून व्यापार) करत पिढ्यान्‌पिढ्या मुलूख पालथा घातलेल्या समाजाने हा सण टोपलीत घालून सोबत नेला. परदेशात वारसा कसा न्यावा, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यातून शीक, पण ती त्यांची आहे. तिकडे एखादं बंजारा कुटुंब असेल तर त्यांना विचार. त्यांनी आपणहून केली तर तू पाणी घालायला जा.

तुझ्या आधी त्या शहरात हे कुणी केलं तेही बघ. १९७०च्या दशकात घरमालकांनी इमारती सोडून दिल्या, मोकळ्या जागांवर विटा-कचऱ्याचे ढीग पडले, आणि लोकांनीच ते उपसून बागा केल्या. १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या सोबत्यांनी मॅनहॅटनमध्ये बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर केलेली बाग अजून आहे. साउथ ब्राँक्समध्ये प्वेर्तो रिकोच्या लोकांनी बागेत आपल्या खेड्यातल्यासारखी लाकडी घरं बांधली. त्यांना ते कासिता म्हणतात. तिथे डॉमिनो चालतो, ढोल-खंजिऱ्या वाजतात, बोंबा आणि प्लेना हे त्यांचे नाच-गाण्याचे प्रकार शिकवतात. तुझ्या आराखड्यातली झोपडी आणि त्यांची कासिता यांत फरक एवढाच, की कासितेत माणसं रोज बसतात. रिंकॉन क्रिओयो नावाची त्यांची अशी एक जागा आहे. बांधकामामुळे तिला मूळ जागा सोडावी लागली, पण लोकांनी ती जवळच पुन्हा उभी केली. १९९९ साली शहराने शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या होत्या. लोक रस्त्यावर उतरले आणि दोन संस्थांनी त्या विकत घेऊन वाचवल्या. त्या जमिनीसाठी शेजाऱ्यांनी काय सोसलं ते आधी त्यांच्याकडून ऐक, मग आपलं सांग.

फलकावर 'आमचं गाव' म्हणून ज्वारीचं डोलतं शिवार लिहू नकोस. आपल्या शिवारात आज सोयाबीन आणि पऱ्हाटी आहे. ज्वारी मागे पडली, कारण पाखरं आणि डुकरं हाती काही लागू देत नाहीत, भाव मिळत नाही आणि सोंगणीला मजूर मिळत नाहीत. हे जसंच्या तसं लिही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपलीकडे यवतमाळचं नाव कुणाला माहीत नसतं, हा राग मलाही आहे, पण त्यावर खोटं हिरवं चित्र हा उतारा नाही.

फोनवर पोरींसोबत बचत गटातल्या बायकाही गायला तयार आहेत. त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे, शाल-नारळावर भागवायचं नाही. निंदणाला गेल्या असत्या तर मजुरी मिळालीच असती. नाव लावायचं की नाही ते त्या सांगतील.

बियाणं मी टपालाने पाठवणार नाही. त्याला परवानगी आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, उगाच भानगड. तिथे मिळतं. फक्त बुटकी जात घेऊ नकोस. काकवीसाठी किंवा झाडूसाठी लावतात ती उंच ज्वारी माग.

शाळेच्या मागच्या पडीत जागेत मुलं आणि मी असाच एक गोल पेरणार आहोत, पाऊस पडला की लगेच. त्यामुळे तुझ्या वाफ्याची लांबी-रुंदी एप्रिलच्या आत कळव, म्हणजे दोन्ही गोल एकाच मापाचे आखता येतील. आणि समितीत फाटकाची किल्ली कुणाकडे असते तेही विचार. राखणीला सकाळी लवकर आत जावं लागेल.

तुझे,
चित्रकलेचे सर