कराडहून आलेल्या प्रश्नाला डॉर्टमुंडहून उत्तर

ऋतुजा,

तुझा आठ मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. बारावी झाली, पुण्यात पर्यावरणशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायची, मग मास्टर्सला जर्मनी आणि जमलं तर इथेच नोकरी, असा तुझा बेत. आणि बाबांचं म्हणणं, "असल्या डिग्रीला विचारतं कोण?" बाबांचं अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं, ते सांगते.

मी इचलकरंजीची. घरी माग होते. कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचं रंगीत पाणी ओढ्याने पंचगंगेला मिळायचं आणि त्याच कापडावर आमचं घर चालायचं. त्यामुळे 'निसर्गाची आवड' वगैरे म्हणून मी या विषयात आले नाही. तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच बघितला होता, त्याचं कोडं पडलं होतं इतकंच. कोल्हापुरात एम.एस्सी. केली आणि पुण्यात एका सल्लागार कंपनीत लागले. काम ईसीचं, म्हणजे पर्यावरण मंजुरीचं. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या बांधकामाला, खाणीला, कारखान्याला आधी पर्यावरणाची मंजुरी लागते, तिच्यासाठीचे अहवाल आम्ही लिहायचो. लिहायचो कसले, जुन्यातून नव्यात उतरवायचो. सोलापूरकडच्या एका खाणीच्या अहवालात खारफुटीतले खेकडे निघाले, तेव्हा मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "राहू दे, वाचतंय कोण!" सगळ्याच कंपन्या अशा नसतात, पण माझ्या वाट्याला ती आली. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ पसरली, माणसं गेली. माझी मावशी दवाखान्यात होती आणि पाणी तपासायचं शिक्षण घेतलेली मी पुण्यात पक्ष्यांच्या याद्या जुळवत बसले होते. पुढच्या वर्षी मी निघाले.

आता तुझा पहिला प्रश्न, डिग्री. माझं स्पष्ट मत आहे: बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा जिऑलॉजी कर, नाहीतर सिव्हिल इंजिनिअरिंग घे, आणि पर्यावरण मास्टर्सला घे. पर्यावरणशास्त्राच्या पदवीत सगळं थोडं थोडं असतं. वाचायला छान, पण मुलाखतीत "तुला नेमकं काय येतं?" असं विचारलं की जीभ अडखळते. माझी अडखळली होती. इथे मास्टर्सला अर्ज करताना मागच्या पदवीत केमिस्ट्री, गणित, भूजल यांचे किती क्रेडिट आहेत हे मोजतात. मला केमिस्ट्रीचे कमी पडले, दोन पेपर जादा द्यावे लागले. शिवाय मी दोन मास्टर्स केल्या, एक तिथे आणि एक इथे. ती दोन वर्षं कुणी परत देत नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी नाही. चौथ्या वर्षाचा पर्याय मिळाला तर घे.

दुसरा, पैसे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही, फक्त सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क. पण 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य एजंट लोक अर्धंच सांगतात. स्टुटगार्ट आणि फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतात, तिथे 2017 पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. स्टुटगार्टचा पाण्यावरचा अभ्यासक्रम चांगला आहे, तेव्हा हिशेबात धर. ड्रेस्डेनला जलविज्ञानाचा इंग्रजीतला अभ्यासक्रम आहे, तोही बघ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा, हा वाढत जातो, अर्जाच्या वेळी पुन्हा तपास). त्यातले महिन्याला 992 सुटतात. त्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे तुझ्या मार्कशीट खऱ्या आहेत याची छाननी. ते उशिरा काढल्यामुळे प्रवेश मिळूनही सेमिस्टर हुकलेली मुलं मी बघितली आहेत.

तिसरा प्रश्न तू विचारलाच नाहीस आणि खरा तोच आहे. भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत म्हणून मीही जर्मन बी1 वर, म्हणजे मधल्या पातळीवर, सोडून दिली होती. पास झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो. त्यातले अकरा महिने माझे गेले, साठ-एक अर्ज आणि दोन मुलाखती. सॉफ्टवेअरवाल्यांचं इंग्रजीत भागतं. आपल्या कामात अहवाल सरकारी खात्याकडे जातो, खड्डा खणणारा मुकादम जर्मन बोलतो, शेजारचा शेतकरी तर त्याची बोलीच बोलतो. मग भांडी घासत सी1, म्हणजे वरची पातळी, केली. 2016 मध्ये एका छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसात लागले, पगार वर्षाला 38,000 युरो, कापून हातात महिन्याला दोन हजारांच्या जरा वर. आता बरं चाललंय, पण आयटीतल्या मैत्रिणींशी मी आकड्यांची तुलना करत नाही. इथे शिकलेल्याला दोन वर्षं त्या दर्जाची नोकरी झाली की कायमच्या वास्तव्याला अर्ज करता येतो. मला तो परवाना 2018 मध्ये मिळाला.

काम कसलं, ते सांगते. बंद पडलेल्या खाणी, कोळशाचा कोक करणारे कारखाने, जुने पेट्रोलपंप, यांच्याखालची माती आणि भूजल किती बिघडलंय ते शोधायचं. बोअर मारायच्या आधी चौकशी करावी लागते की इथे दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब तर नाही ना. विनोद नाही, या रूर खोऱ्यात ते रोजचं आहे. जानेवारीत शून्याखाली चिखलात उभं राहून बाटल्या भरायच्या, लेबल लावायचं, शीतपेटीत ठेवायच्या. मग तीन आठवडे टेबलावर कायद्याची कलमं. अलीकडे पीफास नावाच्या न मोडणाऱ्या रसायनांचं काम खूप आहे. पिण्याच्या पाण्यात त्यातल्या वीस रसायनांची बेरीज लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमच्या वर नको, अशी मर्यादा इथे जानेवारी 2026 पासून लागू झाली आहे. तुला केमिस्ट्री घे म्हणते ते यासाठीही.

आणि ज्या गोष्टीने मी इथे टिकले ती एम्शर नदी. माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटं. शंभर वर्षांहून अधिक काळ ही नदी उघडं गटार होती. कोळसा काढल्यामुळे जमीन खचत होती, जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळ्या फुटल्या असत्या, म्हणून सगळं मैलापाणी उघड्या काँक्रीटच्या पाटातून सोडलं. त्यासाठी 1899 मध्ये गावं, खाणी आणि कारखाने यांनी मिळून संस्था काढली, जो घाण करील त्याने वर्गणी भरायची. (कराडच्या पोरीला सहकार काय ते समजवायला नको.) खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा 1992 मध्ये काम सुरू झालं: 51 किलोमीटर लांबीची भूमिगत वाहिनी, चार प्रक्रिया केंद्रं, सुमारे साडेपाच अब्ज युरो. 2021 च्या अखेरीस नदीत सांडपाणी पडायचं थांबलं. तीस वर्षं लागली. शिवाय खचलेल्या भागातलं पाणी पंपाने उपसत राहावं लागतं, कायमचं. त्याला इथे 'अनंतकाळची कामं' म्हणतात. नोकरीच्या दृष्टीने चांगलंच म्हणायचं! माझे बाबा इथे आले होते, त्यांना मी काठावर नेलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैसे आधी कारखानदारांनी भरले होय?"

भारतात राहिलीस तर? तेही वाईट नाही, आणि हे मी परदेशात बसून सहज बोलत नाहीये. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केल्यापासून पुण्या-मुंबईत ते काम वाढलंय. सीईटीपी (कारखान्यांचं सामाईक सांडपाणी केंद्र), एसटीपी (गावाच्या मैलापाण्याचं केंद्र) चालवणारे लोक लागतातच. नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, संशोधनाची ओढ असेल तर. ईसीचे अहवाल लिहिणाऱ्या कंपनीत गेलीस, तर पहिल्याच मुलाखतीत विचार, नमुने कोण घेतं आणि स्वतः जागेवर जायला मिळतं का. उत्तर टाळलं तर उठून ये.

एकटेपणाचं, घर मिळण्याचं, नोव्हेंबरातल्या अंधाराचं फोनवर बोलू. ते तुझ्या बाबांसमोर लिहायला नको.

फॉर्म भरायच्या आधी एक कर. नगरपालिकेत चौकशी करून जवळचा एखादा सांडपाणी प्रकल्प बघून ये. ऑपरेटरला विचार, ब्लोअर (सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र) दिवसात किती तास चालतो, विजेचं बिल किती येतं, गाळ शेवटी कुठे टाकतात. तो जे सांगेल ते वहीत लिही, आणि वास सहन झाला का तेही लिही. रविवारी दुपारी दोनला फोन कर, इथे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. वही जवळ ठेव.

मेघाताई