प्राथमिक शाळेत आधी सुरक्षा प्रशिक्षण घ्यावं की आधी सुधारणा आराखडा लिहावा?

तुमच्या प्राथमिक शाळेत शिक्षकांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचंय, शिवाय वर्षाचा सुधारणा आराखडाही मागितलाय, आणि यातलं आधी काय करावं असं तुम्ही विचारलंय. आमच्या शाळेत मॉक ड्रिलची जबाबदारी माझ्याकडे असते, त्या अनुभवावरून सांगतो: आधी एक सराव घ्या. साधा, कच्चा चालेल. आराखड्यात काय लिहायचं ते त्यातूनच कळेल. आधी आराखडा लिहायला बसलात, तर दुसऱ्या शाळेची फाइल नाव बदलून तुमच्या कपाटात येईल, एवढंच.

आराखडा असूनही घात कसा होतो, याचं उदाहरण जपानमध्ये आहे. 11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेची मुलं मैदानात जमली. पण पुढे कुठे जायचं? त्सुनामी आल्यास जवळच्या मोकळ्या जागेत किंवा बागेत जावं, इतकंच शाळेच्या आराखड्यात होतं. कोणती जागा, ते नाही. शाळेमागे टेकडी होती. तिथे चढावं की नको, या घोळात सुमारे 50 मिनिटं गेली आणि त्सुनामी आली. शाळेतली 108 पैकी 74 मुलं आणि 10 शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले. 2018 मध्ये सेंदाई उच्च न्यायालयाने त्या दिवशी मैदानात काय झालं एवढंच पाहिलं नाही. आराखडा आधीच तपासून दुरुस्त केला नाही, याबद्दल शाळा आणि शिक्षण मंडळालाही दोषी धरलं. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम राहिला.

त्याच दिवशी कामाइशी शहरात उनोसुमाई प्राथमिक शाळेची मुलं आधी वरच्या मजल्यावर गेली होती. शेजारच्या माध्यमिक शाळेची मुलं उंचावर पळताना दिसली, तशी तीही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथली दरड ढासळतेय असं दिसलं, म्हणून सगळी आणखी वर गेली आणि वाचली. धोक्याच्या जागा दाखवणाऱ्या नकाशावर विसंबू नका, हे तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक तिथल्या शाळांमध्ये आधीची काही वर्षं शिकवत होते.

तेव्हा पहिल्या सरावात वेळ मोजण्यापेक्षा माणसं कुठे थबकतात ते बघा. एखाद्या शिक्षकाला वही देऊन नुसतं बघायला उभं करा. पहिलीच्या वर्गामुळे जिना तुंबला का? चपला घालायला कोण थांबलं? हजेरीपट वर्गातच राहिला का? शौचालयात गेलेलं मूल कोणाच्या लक्षात आलं? कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला खाली कोण आणणार, ते नावानिशी ठरलेलं होतं का? ‘सगळे मिळून आणू’ याचा अर्थ कोणीच आणणार नाही.

लहान मुलांबाबत एक गोष्ट शिक्षकांना जरूर सांगा. आग लागली की लहान मूल बऱ्याचदा बाहेर पळत नाही, बाकाखाली नाहीतर दाराआड लपतं. म्हणून वर्ग सोडताना कोपरे बघायचे, हाका मारायच्या, आणि बाहेर पडल्यावर दार लोटून घ्यायचं. भूकंपात मात्र आधी बाकाखाली शिरून त्याचा पाय घट्ट धरायचा आणि हादरे थांबल्यावरच बाहेर पडायचं. मुलं या दोन गोष्टींची सरमिसळ करतात, म्हणून दोन्ही सराव एकाच दिवशी घेऊ नका. सुरुवातीचे सराव आधी सांगूनच घ्या. न सांगता घंटा वाजवून सहा वर्षांच्या पोराला रडवण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. मुलं सरावली की मग मधल्या सुट्टीत घ्या, पावसात घ्या, मुख्याध्यापक रजेवर असतील त्या दिवशी तर नक्की घ्या.

अग्निशामक सिलिंडर प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी हाताळावा. पिन काढायची, नळी ज्वाळांच्या टोकाकडे न धरता बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि झाडल्यासारखी फिरवायची. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, त्यामुळे मुलं आधी बाहेर, सिलिंडर नंतर.

आता आराखडा. सरावात निघालेल्या अडचणींपैकी बिनपैशाच्या आधी उचला: जिन्याखालचं भंगार काढणं, मागच्या दाराचं कुलूप, वर्गांचा बाहेर पडण्याचा क्रम. प्रत्येकीपुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख लिहा. खर्चाची कामं वेगळ्या पानावर, पण ती होईपर्यंत काय करायचं तेही शेजारीच लिहा. तपासणीत पास झालो म्हणून निर्धास्त होऊ नका. 1958 मध्ये शिकागोतल्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ शाळेच्या आगीत 92 मुलं आणि शिकवणाऱ्या 3 नन गेल्या. ती शाळा काही आठवड्यांपूर्वीच अग्निसुरक्षा तपासणीत पास झाली होती. इमारत जुनी, म्हणून नवे नियम तिला लागू नव्हते.

बहुतेक आराखड्यांत मुलं पालकांच्या ताब्यात देण्याचं पान नसतं. गेटवर गर्दी झाली, फोन लागत नाहीत, अशा वेळी कोणतं मूल कोण घेऊन गेलं याची सहीसकट नोंद हवी. मूल कोणाकोणाकडे द्यायचं ती नावं प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून लिहून घ्या आणि त्या यादीची कागदी प्रत हजेरीपटाला जोडून ठेवा. ती फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये असेल तर मैदानात तिचा उपयोग शून्य.