मृत समुद्रात माणूस खरंच बुडत नाही का, एवढं मीठ येतं कुठून, आणि लोणारलाही तसं तरंगता येईल का?

मी नागपूरचा, पोहायला अजिबात येत नाही, अंबाझरीच्या काठावर बसून भाजलेलं कणीस खायचं एवढाच माझा पाण्याशी संबंध. तरी मृत समुद्रात तरंगून आलोय, म्हणून उत्तर देतोय.

जॉर्डनच्या बाजूने गेलो होतो. अम्मान शहर डोंगरावर आहे, तिथून तासाभराचा नुसता उतार, मध्येच ‘समुद्रसपाटी’ अशी पाटी लागते आणि गाडी त्याच्याही खाली उतरतच राहते, कानाला दडे बसतात. पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या ४३० मीटरपेक्षा जास्त खाली आहे, जमिनीवर याहून खालचा काठ जगात कुठेच नाही. नाव समुद्र असलं तरी हे तळंच आहे बरं का. जॉर्डन नदी त्यात येते, बाहेर मात्र काहीच जात नाही.

आता मीठ. आपण मे महिन्यात कूलरमध्ये बोअरचं पाणी टाकतो, पाणी उडून जातं, पुन्हा टाकतो, पुन्हा उडतं, आणि पावसाळ्यात कूलर उघडला की ताट्यांवर पांढरा दगडासारखा थर बसलेला असतो. पाणी गेलं, क्षार राहिले. मृत समुद्र म्हणजे हजारो वर्षं कोणीच न धुतलेली कूलरची टाकी समजा, वरून पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरसुद्धा नाही आणि ऊन आपल्या नागपूरला शोभेल असं. पण सगळं मीठ नदीनेच आणलं असंही नाही, फार पूर्वी भूमध्य समुद्राचं पाणी त्या खचलेल्या दरीत शिरून तिथेच आटलं होतं, ते जुनं भांडवलही आहेच. साध्या समुद्राचं एक लिटर पाणी आटवलं तर साधारण ३५ ग्रॅम क्षार मिळतात, इथे ३४० ग्रॅमच्या आसपास.

आणि ते आपलं जेवणातलं मीठ नाही! त्यात सगळ्यात जास्त मॅग्नेशियम क्लोराईड आहे, सोडियम क्लोराईड त्यानंतर. म्हणून चव खारट कमी आणि कडू जास्त, कडू म्हणजे कारलं गोड वाटावं इतकं, हे मला एक थेंब ओठावर उडाल्यावर कळलं. हात लावला तर पाणी तेलकट, बुळबुळीत लागतं.

तरंगण्याचं म्हणाल तर खरं आहे. त्या एक लिटर पाण्याचं वजन जवळपास सव्वा किलो, आपलं शरीर साध्या पाण्याइतकंच जड, त्यामुळे अंगाचा साधारण पाचवा भाग आपोआप बाहेर राहतो. मी कमरेपर्यंत गेलो आणि मागे टेकून बसल्यासारखं केलं तर पायच वर आले, खाली जाईचनात, उभं राहायला तिथल्या माणसाने हात दिला तेव्हा कुठे जमलं. सकाळी दाढी करून गेलो होतो, हा मूर्खपणा तुम्ही करू नका, जीव निघतो.

पण “बुडत नाही” हे अर्धंच खरं. पालथं पडलात तर पाय वर आणि तोंड पाण्यात, अशा वेळी सरळ होणं अवघड जातं, आणि ते पाणी पोटात किंवा फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. लोक तिथे मरतातही. पाठीवरच राहायचं, बस.

‘मृत’ म्हणतात कारण मासे नाहीत, शेवाळाची गर्दी नाही, जॉर्डन नदीतून वाहत आलेला मासा लगेच मरतो. तरी अगदीच निर्जीव नाही, १९९२ मध्ये भरपूर पाऊस होऊन वरचा थर थोडा पातळ झाला तर सूक्ष्म जिवांमुळे पाणी लालसर झालं होतं. तळातून कधीकधी डांबराचे गोळे वर येतात, जुने लोक त्याला डांबराचं सरोवरच म्हणायचे.

वाईट याचं वाटतं की ते आटतंय, वर्षाला साधारण एक मीटर. जॉर्डनचं आणि तिला मिळणाऱ्या यार्मूकचं पाणी वरच्यावरच शेतीला, शहरांना वळवलं जातं, शिवाय पोटॅशसाठी, म्हणजे खतात लागणाऱ्या क्षारासाठी, कारखाने दक्षिणेच्या वाफ्यांमध्ये पाणी सुकवतात. पाणी मागे सरकलं की जमिनीखालून गोडं पाणी येतं, पुरलेला मिठाचा थर विरघळवतं आणि वरची जमीन धाडकन खचते. असे हजारो खड्डे पडलेत, रस्ते गेले, आख्खे बीच बंद पडले.

आता आपलं लोणार. तिथे तसं तरंगता येणार नाही, भाऊ. तेही बाहेर वाट नसलेलं तळं, पण उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं, आणि त्याची खरी ओळख खारेपणापेक्षा सोड्याची, पीएच (साध्या पाण्याचा सात असतो, जितका जास्त तितका सोडा) दहाच्या आसपास. मिठाच्या बाबतीत मृत समुद्राच्या पासंगालाही पुरत नाही. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं ना, ते मीठ आवडणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळेच, म्हणजे तेवढं नातं आहे. अभयारण्य आहे, पाण्यात उतरायचं नाही, काठाने फिरायचं. समृद्धीने मेहकरला उतरा, सकाळी लवकर निघा आणि काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत खाली चालत जा, येताना चढ आहे, पाण्याची बाटली ठेवा.