सत्ता देशांकडून कंपन्यांकडे गेली का? आधी करार कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा

प्रश्न असा होता: "एकेका कंपनीचं बाजारमूल्य आता बहुतेक देशांच्या जीडीपीपेक्षा मोठं आहे. मग खरी सत्ता सरकारांच्या हातून वित्तसंस्था आणि तंत्रज्ञान कंपन्यांकडे गेली असं म्हणायचं का? आणि हे तपासायचं कसं?"

पहिल्यांदा तो बाजारमूल्य आणि जीडीपीचा तक्ता बाजूला ठेवा. बाजारमूल्य म्हणजे आजच्या भावाने सगळ्या शेअरची किंमत. जीडीपी म्हणजे वर्षभरात झालेली मूल्यवृद्धी. एकाच्या जमिनीची किंमत आणि दुसऱ्याचं वर्षाचं पीक शेजारी ठेवून कोण श्रीमंत ते ठरत नाही. तुलना करायचीच असेल तर कंपनीने वर्षात दिलेले पगार, नफा, व्याज, घसारा आणि कर यांची बेरीज घ्या. आकडा एकदम खाली येतो. ब्लॅकरॉक या अमेरिकी गुंतवणूक-व्यवस्थापन कंपनीच्या १० लाख कोटी डॉलरहून मोठ्या आकड्याचंही तसंच आहे. तो पैसा गुंतवणूकदारांचा आहे, ब्लॅकरॉककडे त्याचं व्यवस्थापन आणि बऱ्याच शेअरवरचा मतदानाचा हक्क आहे. तोही मोठा अधिकार आहे, पण वेगळ्या जातीचा.

सत्ता मोजायची तर तीन गोष्टी शोधा. करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे? पैसा किंवा माहिती प्रत्यक्ष कोणाच्या हातून पुढे सरकते? आणि ती वाट बंद करायची कळ कोणाकडे आहे? माझं मत आधीच सांगतो. सत्ता "देशांकडून कंपन्यांकडे" सरळ गेलेली नाही. ती बहुतेक देशांच्या हातून निसटून काही थोड्या देशांच्या न्यायालयांत आणि तिथल्या दारावर बसलेल्या कंपन्यांकडे साठली आहे.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण अर्जेंटिना. डिसेंबर २००१ मध्ये त्या सरकारने ८० अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या रोख्यांची परतफेड थांबवली. २००५ आणि २०१० मध्ये जुने रोखे परत घेऊन बरेच कमी किमतीचे नवे देऊ केले आणि दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे ९३ टक्के धनको कबूल झाले. उरलेल्या ७ टक्क्यांत एलियट मॅनेजमेंट या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचा एनएमएल कॅपिटल हा फंड होता. त्याने हे रोखे पडत्या भावात उचलले होते आणि त्याला मुद्दल-व्याजासकट पूर्ण वसुली हवी होती.

लोकांना यातली जहाजाची गोष्ट आठवते. ऑक्टोबर २०१२ मध्ये घानाच्या टेमा बंदरात अर्जेंटिनाच्या नौदलाचं 'लिबर्ताद' हे शिडांचं प्रशिक्षण जहाज या फंडाच्या अर्जावरून अडकवलं गेलं. पण १५ डिसेंबरला समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने ते सोडायला सांगितलं, कारण युद्धनौकेला परक्या देशातल्या जप्तीपासून संरक्षण असतं. म्हणजे सार्वभौम देशाची अशी मालमत्ता हात घालून उचलता येत नाही हेच तिथे पुन्हा सिद्ध झालं.

फंड जिंकला तो न्यूयॉर्कमध्ये, एका कलमावर. १९९४ च्या ज्या करारातून ते रोखे निघाले त्याचा कायदा न्यूयॉर्कचा होता आणि त्यात "सर्व धनकोंचा दर्जा समान" असं कलम होतं. न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी त्याचा अर्थ लावला की नव्या रोखेधारकांना हप्ता द्यायचा असेल तर अडून बसलेल्यांनाही त्याच वेळी पूर्ण देणं द्यावं लागेल. तेवढ्याने अर्जेंटिना बधला नसता, कारण परक्या सरकारला न्यायालय तुरुंगात टाकू शकत नाही. म्हणून आदेश हप्ता पोचवणाऱ्या साखळीवरही लागू केला: सरकारकडून हप्ता घेऊन रोखेधारकांकडे पाठवणारी विश्वस्त बँक आणि रोख्यांचे व्यवहार पुरे करणाऱ्या पुढच्या संस्था. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. अर्जेंटिनाने हप्त्याचे ५३.९ कोटी डॉलर बँक ऑफ न्यूयॉर्क मेलन या विश्वस्त बँकेच्या नावे भरले, तेही ब्युनॉस आयरिसमधल्या स्वतःच्या मध्यवर्ती बँकेतल्या खात्यात. पैसा देशातच होता, द्यायची इच्छा होती, घेणारे तयार होते, तरी बँकेने तो पुढे सरकवला नाही. ३० जुलैला सवलतीची मुदत संपली आणि देश पुन्हा थकबाकीदार ठरला.

तडजोड का केली नाही, असं लोक विचारतात. नव्या रोख्यांत आणखी एक कलम होतं: ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत कोणाला आपणहून जास्त चांगली अट दिली तर ती सगळ्या ९३ टक्क्यांना द्यावी लागेल. मूठभरांना पैसे दिले असते तर सगळा हिशेब उलटला असता. शेवटी सरकार बदलल्यावर, २०१६ मध्ये, चार प्रमुख फंडांना मिळून ४.६५ अब्ज डॉलर देऊन विषय मिटला.

आता याच्या शेजारी ग्रीस ठेवा. २०१२ मध्ये ग्रीसवर युरोपचा आणि नाणेनिधीचा प्रचंड दाब होता, देश अर्जेंटिनाहून दुबळा म्हणावा इतका. तरी त्याने खासगी धनकोंकडच्या रोख्यांचं दर्शनी मूल्य ५३.५ टक्क्यांनी कापलं. कसं? सुमारे २०६ अब्ज युरोच्या रोख्यांपैकी जवळपास १७७ अब्जांचे रोखे ग्रीक कायद्याखाली होते. संसदेने कायदा करून त्यांत मागाहून बहुमताचं कलम घातलं: ठरावीक बहुमत मिळालं की बाकीच्यांवरही योजना बंधनकारक. बाकीचे रोखे मात्र परदेशी कायद्याखाली होते. तिथे काहीजण अडून बसले आणि ग्रीसने त्यांचे हप्ते पूर्ण दिले. १५ मे २०१२ ला मुदत संपलेल्या रोख्यापोटी ४३.५ कोटी युरो मोजले. देश तोच, संकट तेच. एका कागदापुढे संसदेचा कायदा चालला, दुसऱ्यापुढे नाही.

म्हणून एखाद्या देशाची आर्थिक सार्वभौमता जोखायची तर कर्ज किती ते नंतर बघा; आधी चलन आणि कायदा बघा. भारत सरकारने आजवर परकीय चलनात सार्वभौम रोखे काढलेले नाहीत. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली, टीका झाली आणि ती योजना बारगळली. त्या टीकेत व्याजदर आणि विनिमयदराची चर्चा खूप झाली, अधिकारक्षेत्राची मात्र फारच कमी. माझ्या दृष्टीने तोच मुख्य मुद्दा होता. परकीय रोखे वाचायला घ्याल तर माहितीपत्रकात तीन ठिकाणी थांबा: कोणता कायदा लागू, परक्या न्यायालयातल्या खटल्यापासून आणि जप्तीपासूनचं सार्वभौम संरक्षण कितपत सोडलं आहे, आणि अटी बदलायला किती टक्के मतं लागतात. २०१४ नंतरच्या बऱ्याच रोख्यांत सगळ्या मालिका एकत्र धरून ७५ टक्के बहुमत पुरतं आणि "समान दर्जा" म्हणजे "एकाच वेळी परतफेड" नव्हे, हेही लिहिलेलं असतं. २०२० मध्ये अर्जेंटिनाने सुमारे ६५ अब्ज डॉलरची पुनर्रचना ९९ टक्के धनकोंसह पार पाडली, ती बहुमताच्या कलमांच्या आधाराने.

तंत्रज्ञान कंपन्या स्वतःचं चलन काढून सरकारांना बाजूला सारतील हा दावा मला कच्चा वाटतो. फेसबुकने जून २०१९ मध्ये लिब्रा हे डिजिटल चलन जाहीर केलं. ऑक्टोबरपर्यंत पेपॅल, व्हिसा, मास्टरकार्ड हे भागीदार बाहेर पडले, आणि जानेवारी २०२२ मध्ये उरलेली मालमत्ता विकून प्रकल्प संपला. नियामकांनी भुवया उंचावल्या तेवढं पुरलं. यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्याच्या राखीव रकमेपैकी ३.३ अब्ज डॉलर मार्च २०२३ मध्ये बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत होते. नाण्याचा भाव ९० सेंटच्या खाली गेला आणि अमेरिकी सरकारने त्या बँकेच्या सगळ्या ठेवींची हमी दिल्यावर सावरला.

वाट आणि कळ हा भाग मात्र गंभीर आहे. कार्डांचं उदाहरण घ्या. मार्च २०१४ मध्ये क्रिमियावरून निर्बंध आले तेव्हा व्हिसा आणि मास्टरकार्डने काही रशियन बँकांची कार्डं रातोरात बंद पाडली. त्यानंतर रशियाने स्वतःची राष्ट्रीय कार्ड-यंत्रणा उभारली, देशांतर्गत सगळे व्यवहार तिच्यातून न्यायला लावले आणि २०१५ मध्ये 'मीर' कार्ड आणलं. मार्च २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं, तेव्हा त्यांचीच नाव-खूण असलेली जुनी कार्डं मॉस्कोच्या दुकानात चालत राहिली आणि सीमेपलीकडे बंद पडली. कार्डावरचं नाव कोणाचं यापेक्षा व्यवहार जुळवणारा स्विच कुठे आहे हे महत्त्वाचं, ते असं.

स्विफ्टबद्दलही गैरसमज फार. स्विफ्ट पैसे पाठवत नाही, बँकांमधले निरोप पाठवते. ती बेल्जियममधली सहकारी संस्था आहे. मार्च २०१२ मध्ये तिने इराणच्या बँका तोडल्या, कारण युरोपीय संघाचा नियम तिच्यावर बंधनकारक होता.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पेमेंटची सगळी माहिती फक्त भारतात ठेवायला सांगितलं. परदेशात प्रक्रिया झाली तरी २४ तास किंवा एक कामकाजाचा दिवस, यांत जे आधी येईल तेवढ्यात ती तिथून पुसून इथे आणायची. मास्टरकार्डने ते पाळलं नाही म्हणून २२ जुलै २०२१ पासून नवे ग्राहक घेण्यावर बंदी आली, ती जून २०२२ मध्ये उठली. नियामकाने मनावर घेतलं की कंपनी ऐकते. पण यूपीआयचा स्विच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे मुंबईतल्या संस्थेकडे असूनही सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होतात. एका ॲपला ३० टक्क्यांची मर्यादा नोव्हेंबर २०२० मध्ये ठरली, तिची मुदत दोनदा वाढून ३१ डिसेंबर २०२६ वर गेली. कारण साधं आहे: जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे नव्या ॲपला उत्पन्न नाही, आणि मर्यादा सक्तीने लावली तर कोट्यवधी लोकांचे व्यवहार अडतील. स्विच आपला असूनही दरवाजा दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो.

शेवटचं उदाहरण प्रत्येक संस्थेने अभ्यासावं असं आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लावले. ही कंपनी मुंबईची, तिचा वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना वर्षाला २ कोटी टन क्षमतेचा, आणि तिच्यात रोसनेफ्ट या रशियन तेल कंपनीचे ४९.१३ टक्के शेअर. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ईमेल आणि टीम्सच्या सेवा थांबवल्या. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तात्पुरती रेडिफची ईमेल घेतली, आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. डेटा सेंटर भारतात असतं तरी इथे उपयोग झाला नसता, कारण बंद पडतं ते लॉगिन. तेव्हा आपल्या संस्थेत हे तपासा. डोमेन (ईमेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) आपल्या नावावर आणि वेगळ्या निबंधकाकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, आहे का; तसं असेल तर एमएक्स नोंद (ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जावी ते सांगणारी) बदलून ईमेल काही तासांत दुसरीकडे वळवता येईल. जुन्या ईमेलची प्रत पुरवठादाराच्या बाहेर, उघडता येईल अशा स्वरूपात आहे का. नवी ईमेल वळते, जुनी आतच अडकते. प्रशासकाचं किमान एक खातं त्या पुरवठादाराच्या लॉगिनशिवाय चालतं का. कोणतं सॉफ्टवेअर परवाना तपासायला दर काही दिवसांनी परदेशी सर्व्हरला विचारतं आणि उत्तर न मिळाल्यास किती दिवस चालतं. आणि करारातल्या निर्बंधांच्या कलमात "लागू कायदा" म्हणजे कोणाचा, सेवा थांबवण्याआधी किती दिवसांची सूचना, तेवढ्यात माहिती काढून घेता येईल का. नायराची तक्रार नेमकी इथे होती: निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकी, ग्राहक भारतीय, आणि अमेरिकेच्या किंवा भारताच्या कायद्याने सेवा थांबवणं बंधनकारक नसताना अर्थ कंपनीने स्वतःच लावला.